चालू इंजिनावरची वायर

प्रणाली चिडली म्हंजे तिचा आवाज चढत नाई, खाली जाते. त्या संध्याकाळी बाळापूरहून फोन आला तवा ती एवढी हळू बोलून राह्यली होती का मले दोनदा इचारा लागलं.

"बाबा, गाडी सेल्फ नाई घेऊन राह्यली. बटन दाबलं का टिकटिक वाजते नुसती."

मी म्हटलं, "बॅटरी बसली असन. त्यात काय एवढं. तिथंच थांब, मी येतो."

"थांबल्याशिवाय दुसरं काय करू मी," ती म्हणे, अन् फोन ठेवला.

इथून हे झेंगट मांग लागलं. जानेवारीचा शेवट होता. कोणाले वाटन, स्कूटरच्या बॅटरीची ते काय गोष्ट सांगाची. मलेही तसंच वाटलं होतं.

मी जानराव. एसटीच्या वर्कशापात इलेक्ट्रिशियन म्हणून एकतीस वर्षं काढली. अल्टरनेटर, सेल्फ, वायपर, हॉर्न, कोणत्याही बसची लाईन मी डोळे मिटून शोधत होतो अन् नव्या पोरायले तोंडावर सांगत होतो का तुमाले घंटा काई येत नाई. मॅनेजरसुद्धा माह्या वाट्याले जात नव्हता. आता रिटायर होऊन पाच वर्षं झाले. अकोल्यात लहानसं घर हाय, बायको शकुन हाय, अन् एकुलती एक पोरगी, प्रणाली. बत्तीस वर्षांची.

प्रणाली दीड वर्षाची असतानी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. पायाले कॅलिपर बांधते, काखेत दोन कुबड्या घेते अन् सपाट जाग्यावर चांगली चालते. पण उंच पायरी आली का तिचं काई चालत नाई. बारावीपर्यंत तिले मीच उचलून नेलं. शाळेत, दवाखान्यात, लोकायच्या लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत खांद्यावर. मले कधी जड नाई वाटली, बाप होतो मी. तिले कसं वाटत होतं हे मात्र मी एकडावही इचारलं नाई. मंग तिले बाळापूरच्या कचेरीत क्लार्कची नोकरी लागली. तिनं स्कूटर घेतली, मांगच्या बाजूनं दोन जादा चाकं बसवून घेतले, अन् पहिल्या दिवशी एकटीच नाक्यापर्यंत जाऊन आली. गाडीवरून उतरायच्या आधीच मले म्हणे, "बाबा, आता मले कोणी उचलाचं नाई." हसून म्हणे, पण तो हुकूमच होता.

तवापासून दोन वर्षं ती रोज पंचवीस किलोमीटर जाये अन् पंचवीस किलोमीटर येये. शकुनचा जीव रोज खालीवर होये. मी वरून शकुनले दटावत होतो, पण साडेसहा वाजले का फाटकापाशी जाऊन उभा राहत होतो.

अन् आता ते गाडीच चालू होईना. या नव्या गाड्यायले किक नाई. असती तरी तिच्या काय कामाची. सेल्फ लागला तं गाडी, नाई तं लोखंड.

पहिल्या वेळी मी नवी बॅटरी टाकली. दहा मिनिटांचं काम. "झालं, आता तीन वर्षं पाहाचं काम नाई," असं म्हणून हात धुतले. बारा दिवसांनी रिधोऱ्यापाशी गाडी पुन्हा बंद पडली. यावेळी तिनं फोन नाई केला. एका टेम्पोत बसून घरी आली, गाडी टेम्पोच्या मांग टाकून. दुसऱ्या दिवशी शकुनले तिच्या काखेत काळानिळा डाग दिसला.

"काय झालं वं हे?" शकुननं इचारलं.

"टेम्पोत चढवलं मले. दोघं जण होते."

"काई वंगाळ वागले का?"

"नाई. भले माणसं होते." प्रणाली जेवताजेवता बोलत होती, मान वर न करता. "भले होते म्हणूनच तं. इचारलंसुद्धा नाई. सरळ उचललं."

 मी मनात म्हटलं, जानराव, या गाडीचा फॉल्ट तुले सापडलाच पाहिजे.

रविवारी अंगणात गाडी घेतली. शेजारचे केशवराव खुर्ची घेऊन येऊन बसले. ते एसटीतच ड्रायव्हर होते, त्यायले माहं काम पाहाचा जुना शौक. मीटर काढला. आता चार्जिंगचा हिशेब सोपा हाय, कोणाच्याही ध्यानात येईन. गाडीच्या इंजिनावर एक कॉइल राहते, इंजिन फिरलं का ते लाईन, म्हंजे करंट, बनवते. ते लाईन पिवळ्या वायरीनं एका डब्यात जाते, त्याले रेग्युलेटर म्हणतात. तो तिले बॅटरीले सोसन एवढी करून देते. गाडी बंद असतानी बॅटरीवर साडेबारा व्होल्ट दिसले पाहिजे, चालू करून रेस दिली का चौदाच्या वर. एवढं दिसलं तं सगळं ठीक.

मले दिसलं. बंद गाडीवर बारा पॉइंट सहा, चालू गाडीवर चौदा पॉइंट दोन. पुस्तकात छापावं असं. कॉइलीच्या तिन्ही वायरी मोजल्या, सारख्या. फ्यूज पाहिला, चांगला. अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा कसला.

केशवराव म्हणे, "मंग बिघडलं काय?"

"बिघडलं नाई हेच तं बिघडलं," मी म्हटलं.

तरी मी रेग्युलेटर बदलला. काऊन बदलला इचाराल तं खरं सांगतो, काई तरी बदलल्याशिवाय मले चैन पडत नव्हती. पुढचं पॅनल खोलून जुना डबा काढला, नवा लावला. अन् हँडलवर एक छोटं व्होल्टमीटर बसवून दिलं, लाल आकडे दिसणारं. म्हटलं, जातायेता आकड्यावर नजर ठेवजो.

प्रणाली क्लार्क हाय. आकडा दिसला का लिहाचाच, हे तिच्या अंगातच हाय. तिनं पर्समधल्या डायरीत लिहिणं चालू केलं. दहा-बारा दिवसांनी ते डायरी माह्यापुढं धरली.

"बाबा, एक गोष्ट पाहा. सरळ रस्त्यावर आकडा चौदा राहते. पण डावीकडं वळलं का पडते. हे पाहा, कचेरीचं फाटक, डावं, अकरा नऊ. पेट्रोल पंपापाशी, डावं, बारा. उजवीकडं वळली तं काई होत नाई."

मी डायरी हातातही नाई घेतली. "वळतानी तू रेस कमी करतं, म्हणून पडते."

"उजवीकडं वळतानीही कमी करते नं."

"अवं, करंटले काय डावं-उजवं समजते? लाईन काय रस्ता पाहून चालते? एकतीस वर्षं हेच केलं मी."

तिनं डायरी पर्समध्ये ठेवली अन् आत गेली. केशवराव तिथंच होते. ते म्हणे, "जानराव, पोरगी कायतरी सांगून राह्यली होती." मी त्यायलेही झापलं.

मार्चात ऊन तापलं अन् गाडी आठवड्यातून दोनदा बंद पडाले लागली. कचेरीतले लोक दुसऱ्या गाडीवरून वायरी जोडून चालू करून द्यायचे. शोरूममध्ये नेली, त्यायनं कंप्युटर लावून पाहिला अन् सांगितलं सगळं ओके हाय, चार दिवस गाडी ठेवा लागन तवा सापडन. चार दिवस म्हंजे चार दिवस घरात. मीच म्हटलं, "कशाले ठेवता. मी घरी काय मेलो का."

मंग तिच्या साहेबानं तिले बोलावलं. माणूस मायाळू. म्हणे, "ताई, तुमी एवढा त्रास काऊन घेता? अकोल्यात बदलीसाठी अर्ज द्या, मी शिफारस करतो. नाई तं घरचं कोणी रोज सोडून देत जाईन, घेऊन जात जाईन." ते सांगतानी प्रणालीचा आवाज मुंगीएवढा झाला होता.

"घरचं कोणी, बाबा. बत्तीस वर्षांची हाय मी."

"मी काय म्हणतो—"

"तुमी काई नका म्हणू. आणखी एकडाव बंद पडली तं मी गाडी शोरूमले देते. चार दिवस लागो का चाळीस."

"उद्या मी तुह्या मांग बसून येतो," मी म्हटलं. "चालत्या गाडीवर फॉल्ट पकडतो. उद्या नाई सापडला तं घेऊन जाजो शोरूमले. मी तोंडातून शब्द नाई काढत."

 "ठीक हाय," म्हणे.

सकाळी साडेआठले निघालो. ती पुढं, मी मांग, मांडीवर हत्याराची पिशवी. पोरीच्या मांग बसून मी पहिल्यांदाच जाऊन राह्यलो होतो. बाळापूर नाका सोडला अन् ती अशी सुसाट निघाली का मी गपचूप सीटचा दांडा धरला. ट्रक आला तरी हँडल हलत नव्हतं. मले वाटलं, हिले मी कधी पाहिलंच नाई असं. आरशात तिचं तोंड दिसत होतं. खुश होती.

आकडा चौदावर. रिधोरा गेलं, चौदावर. मी मनात म्हटलं, नवा रेग्युलेटर टाकला तो माह्याच हातानं. व्याळा गावाच्या अलीकडं तिनं मुद्दाम गाडी डावीकडं सर्व्हिस रोडवर घेतली, अन् आकडा धाडकन बारावर आला.

"पाहिलं?" ती म्हणे.

"थांबव," मी म्हटलं. "बंद नको करू. चालूच ठेव."

रस्त्याच्या कडेले एक निंबाचं झाड होतं, तिथं थांबलो. मी उतरलो, पुढचं पॅनल खोललं, पायाखालच्या फळीचं झाकण काढलं, बॅटरीले मीटर लावला. आता हँडल सरळ होतं अन् मीटर चौदा दाखवून राह्यला होता. मी वायरी हलवून पाहिल्या, चौदा. डबा ठोकून पाहिला, चौदा. ऊन डोक्यावर येऊन राह्यलं होतं अन् माह्या डोक्यातही तेच. घामानं मीटरचा आकडा दिसेना. बाजूनं ट्रक धडधड जाऊन राह्यले होते. पोरगी गाडीवर बसून माह्या हाताकडं पाहून राह्यली होती, अन् माह्याजवळ करासारखं काईच उरलं नव्हतं.

डेपोत आमची एक रीत होती. बसचं इंजिन चालू ठेवाचं, हेडलाईट लावाचा अन् बॅटरीची एक वायर उपटाची. लाईट लागून राह्यला तं अल्टरनेटर माल देऊन राह्यला. लाईट गेला तं अल्टरनेटर मेला. दोन सेकंदात निकाल, मीटर नको, काई नको. डिझेलच्या जुन्या इंजिनाले बॅटरीची पर्वा नव्हती, अन् त्या बसायले कंप्युटर-बिंप्युटर नव्हता. मी हजारो गाड्यायवर केलं असन. सगळे असंच करे.

मी दहाचा पान्हा काढला.

"बाबा, काय करता?"

"एक वायर काढून पाहतो. कॉइल एकटी गाडी ओढते का नाई, ते समजन."

"बाबा, गाडीसंगं आलेल्या पुस्तकात लिहेल हाय. इंजिन चालू असतानी बॅटरी सोडाची नाई. मी वाचलं हाय ते."

"पुस्तक लिहिणारा माह्या डेपोत नव्हता."

"गाडी बंद करते मी. मंग काढा."

"बंद केल्यावर काय समजन, कप्पाळ?" मी ओरडलो. "हात नको लावू चाबीले."

"बाबा, नका काढू."

हे ती एवढं हळू बोलली का ट्रकच्या आवाजात मले नुसते तिचे ओठ दिसले. मले समजाले पाहिजे होतं. मी वायर काढली.

हेडलाईट एक क्षण पांढराफक्क झाला. तसा पांढरा मी कधी पाहिला नव्हता. मंग सगळं गेलं. इंजिन, लाईट, लाल आकडे, सगळं. मी झटक्यात वायर परत लावली, कसली, म्हटलं बटन दाब. तिनं चाबी फिरवली. नव्या गाडीची चाबी फिरवली का टाकीतला पंप घूं करते, तो आवाज नाई. एकही दिवा नाई. टिकटिकसुद्धा नाई.

"पुन्हा फिरव," मी म्हटलं.

तिनं पुन्हा फिरवली. मंग चाबी काढून पर्समध्ये ठेवली.

मले काय झालं ते समजलं होतं. चालत्या कॉइलीचा माल बॅटरीत जात होता, मी त्याचं तोंड बंद केलं, अन् तो सगळा गाडीच्या कंप्युटरात घुसला. बारा-चौदा व्होल्ट खाणाऱ्या डब्यात एकदम भलतंच काई गेलं असन. डेपोत नव्या गाड्या आल्या तवा ट्रेनिंगमध्ये एका पोरानं हेच सांगितलं होतं. मी त्याच्या लेक्चरात मांगच्या बाकावर झोपा काढल्या.

"आता?" मी म्हटलं. मी तिले इचारलं, आता काय म्हणून. लाज वाटाले पाहिजे मले.

तिनं घड्याळ पाहिलं. हँडल डावीकडं दाबून कुबड्या काढल्या अन् एकटीच उतरली. रस्त्याच्या कडेले जाऊन उभी राह्यली अन् बाळापूरकडं जाणारी एसटी येऊन राह्यली होती तिले हात दाखवला. बस थांबली. दार उघडलं. पहिली पायरी तिच्या मांडीपर्यंत होती.

मी धावत गेलो. "थांब, मी धरतो," म्हणून तिच्या काखेत हात घातला अन् उचललं. म्हंजे उचलाले गेलो. ती जमिनीवरून चार बोटं वर आली असन, अन् माह्या कमरेत अशी कळ निघाली का माहे हातच सुटले. तिचा कॅलिपर पायरीवर आदळला. कुबडी खाली पडली. मी बसच्या पत्र्याले धरून उभा राह्यलो. कंडक्टर उतरला, आतून एक माणूस आला, दोघायनं तिले दोन्हीकडून धरलं अन् वर चढवलं. तिनं डोळे मिटले होते. बसमधले सगळे पाहून राह्यले होते.

कंडक्टरनं कुबडी आत दिली. बस चालू व्हायच्या आधी तिनं खिडकीतून पाहिलं.

"बाबा, गाडीले आता हात नका लावू. मी पिकअपवाल्याले फोन करते. तो येईपर्यंत सावलीत बसा. पाणी हाय नं तुमच्याजवळ?"

"हाय," मी म्हटलं. नव्हतं.

बस गेली. मी निंबाखाली बसलो. गाडी समोर, एक हातावर. पॅनल खोललेलं, हँडल डावीकडं वळलेलं, जसं ती उतरतानी ठेवून गेली होती तसंच. दहा मिनिटं मी तिकडं पाहिलंच नाई. मंग पाहिलं. कॉइलीकडून रेग्युलेटरले जाणारी पिवळी वायर एका बोल्टाच्या टोकावर ताणली गेली होती अन् तिथं तिची साल निघून तांबं चमकून राह्यलं होतं. तांबं बोल्टाले टेकलं होतं, बोल्ट गाडीच्या अंगाले. बॅटरीले जाणारा माल तिथून अंगात जिरत होता. हँडल सरळ केलं का वायर बोल्टाच्या मांग सरकून दडत असन, म्हणून मी दोनदा पॅनल खोललं तरी मले दिसली नव्हती.

तो बोल्ट कंपनीचा नव्हता. दिवाळीत मी तिच्या कुबड्या अडकवाले पुढच्या बाजूनं एक क्लिप करून दिली होती, स्वतःच्या हातानं छेद पाडून. बोल्ट जरासा लांब होता. कापून टाकतो म्हटलं अन् राहून गेलं.

चिकटपट्टीचं काम होतं. दोन मिनिटांचं. पट्टी माह्या पिशवीत होती. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

अकरा वाजता न राहवून तिले फोन केला. "सापडला फॉल्ट," मी म्हटलं. "डावीकडं वळलं का वायर घासत होती. तुहं बरोबर होतं."

तिकडं कोणी तरी उताऱ्याची नक्कल मागत होतं. "हं," ती म्हणे. "बाबा, गर्दी हाय. ठेवते." बोल्टाचं सांगाले मी तोंड उघडलं होतं, पण फोन ठेवल्यावर बरंही वाटलं.

साडेबाराले पिकअप आला. संघपाल नावाचा पोरगा, तिच्या कचेरीतल्या कोणाचा तरी भाऊ. "जयभीम काका," म्हणे, "धरा मांगून, मी पुढून धरतो. चढवून टाकू."

"मले हात लावाले मना हाय," मी म्हटलं.

तो आधी हसला. मंग त्यानं माह्या तोंडाकडं पाहिलं अन् रस्त्यावरून दोन माणसं बोलावून आणले.

शोरूमच्या पोरीनं कंप्युटर जोडला, दोनदा वायर काढून लावून पाहिली. "काका, गाडी उत्तरच देत नाई. कंट्रोल युनिट गेलं. चालू गाडीवर कोणी बॅटरी काढली होती का?"

"मी काढली."

ती जरा गोंधळली. तिले वाटलं असन मी कोण्या मिस्त्रीचं नाव घेईन. तिनं तोंड खाली घालून फॉर्म भरला. म्हणे, हा पार्ट इथं राहत नाई, महिना-दीड महिना लागन. मी तिले पिवळी वायर दाखवली, बोल्ट दाखवला. तिनं बोल्ट पाहिला अन् म्हणे, "हा तं बाहेरून लावेल हाय. असे लावाचे नाई राहत, काका." मी म्हटलं, हो.

घरी आलो. शकुननं ताट वाढलं, मी तसंच सारलं. ती म्हणे, "कंबर शेकून देऊ का?" मी म्हटलं, "राहू दे."  महिना-दीड महिना. मी बोटं मोजत बसलो का किती दिवस, रोज किती पायऱ्या, जातानी किती, येतानी किती. माह्या पोरीले कोणी उचलू नये एवढंच तिनं माह्याजवळ मागितलं होतं. दुसरं काई तिनं कधी मागितलंच नाई.

संध्याकाळी शकुनले फोन आला का ती सहाच्या बसनं येऊन राह्यली हाय. मी कंबरेले पट्टा बांधला, रिक्षा केली अन् स्टँडवर जाऊन उभा राह्यलो. मनात ठरवून गेलो होतो का तिले बोल्टाचं सांगाचं. अन् सांगाचं का महिनाभर मी रोज संगं येईन, सकाळी बसमध्ये चढवीन, संध्याकाळी उतरवीन, कोणाचं बोट लागू देणार नाई. उतरवाले जोर कमी लागते, कमरेनं साथ दिली तं जमन, असं मी मले सांगून राह्यलो होतो.

बस लागली. लोकं उतरले. सगळ्यात शेवटी ती दारात आली, एका हातात दोन्ही कुबड्या, दुसऱ्या हातानं दांडा धरून. मी खाली उभा होतो, दोन्ही हात वर करून, ती लहान असतानी राहत होतो तसा.

तिनं माह्याकडं पाहिलं. माह्या पट्ट्याकडं पाहिलं. मंग मांग वळून कंडक्टरले म्हणे, "दादा, तुमी धरता का जरा? बाबाच्यानं नाई होत आता."

कंडक्टर मांगच्या दारानं फिरून आला. "सरका काका," म्हणे.

मी सरकलो.